बोट म्हणजे जीप नव्हे : जुन्या मोटरबोटीचं वायरिंग नव्यानं करताना

माझ्याकडे वायरिंगला आलेल्या बोटींपैकी बहुतेक घाट चढून आलेल्या. कारवारला नाहीतर मालवणला दहा-पंधरा वर्षं राबलेली सोळा फुटी फायबरची बोट कुणीतरी स्वस्तात घेतो, टेम्पोवर चढवतो आणि आंबोली किंवा चोर्ल्यावरून वर आणतो. मग ती हिडकलच्या जलाशयात सोडायची असते, नाहीतर चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी पुराच्या दिवसांसाठी तयार ठेवायची असते. समुद्र खाली राहतो. मीठ मात्र वायरीच्या आत बसून इथवर येतं.

आणि इथं तिचं वायरिंग कोण करणार? ट्रॅक्टर-जीपवाला ऑटो इलेक्ट्रिशियन, म्हणजे माझ्यासारखाच. उद्यमबागेत लेथवर म्हणाल तो पार्ट बनवून मिळेल, पण बोटीच्या वायरिंगचा खास माणूस मला तरी बेळगावात सापडला नाही. पहिली बोट मी जीप समजूनच केली. जुन्या वायरी बाहेरून बऱ्या दिसल्या म्हणून ठेवल्या, तुटल्या तिथं पीळ मारून टेप गुंडाळली. पहिल्याच मोठ्या पावसात तळातलं पाणी काढणारा पंप बंद पडला आणि सकाळी बोट काठाला अर्धी पाण्यात. मालक काही बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मिस्त्री बघायला आले आणि एवढंच म्हणाले, "जुनं काढूलायस, की जुन्याला नवं चिकटवूलायस?"

तेव्हापासून मी जुनं सगळं काढतो. नव्यानं या कामाला हात घालणाऱ्यानं कसं जावं, ते सांगतो. बोट लहान, १२ व्होल्टची, मागे सेल्फ स्टार्टचं पेट्रोल आऊटबोर्ड (म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं) इंजिन, असं धरून चाललो आहे.

आधी फरक समजून घ्या

जीपला प्लसची एक वायर दिव्यापर्यंत नेली की काम झालं. परतीचा रस्ता म्हणजे बॉडी. फायबरच्या बोटीला बॉडी अर्थ नावाची गोष्टच नाही. प्रत्येक दिव्याला, पंपाला, हॉर्नला दोन वायरी लागतात, एक जायची आणि एक यायची. बोट ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी असेल तर मोह होतो की परतीसाठी पत्राच वापरावा. तसं अजिबात करू नका. पत्र्यातून करंट फिरायला लागला की पाण्यात धातू खाल्ला जातो, आणि बोटीच्या पत्र्याला भोक पडणं म्हणजे जीपच्या मडगार्डला भोक पडणं नव्हे.

दुसरा फरक पाण्याचा. जीप भिजते आणि वाळते. बोटीचा तळ कायम ओलसर असतो, आणि तांब्याच्या बारीक तारांतून ओल वर चढते, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तशी. म्हणून जोड वरून कोरडा दिसला तरी हातभर आत वायर काळी पडलेली असते.

काढण्याआधी

काम एप्रिल-मेमध्ये धरा. पाणी उतरलेलं असतं, बोट बाहेर असते, हवा कोरडी असते. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावर वायरिंग करायला बसलात तर प्रत्येक जोडात ओल कोंडून ठेवाल.

आधी बॅटरी काढा, आणि मायनस पहिला. इंजिनचा सगळा धातू मायनसला जोडलेला असतो. प्लस सोडवताना पाना इंजिनला टेकला तर ठिणगी उडते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. मायनस आधी सुटला असेल तर पाना इंजिनला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

मग मोबाइलवर फोटो काढा, भरपूर. पॅनेलच्या मागचे, इंजिनच्या सॉकेटचे, वायर कुठल्या भोकातून जाते त्याचे. वहीच्या पानावर बोटीचा आकार काढा आणि त्यात प्रत्येक वस्तू कुठं बसते ते लिहा. समोर तिचे अँपिअर. वस्तूवर वॅट लिहिलेले असतील तर १२ नं भागा. ५५ वॅटचा सर्चलाइट म्हणजे सुमारे ४.६ अँपिअर.

आता एका वायरीचं टोक इंचभर सोला. तांबं लालसर, चकचकीत असेल तर बरं. काळं किंवा हिरवं असेल तर आणखी वीतभर मागे कापून बघा. समुद्रावरून आलेल्या बोटीत बहुतेक तिथंही काळंच निघतं. अशा वायरीला नवीन लग (टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) घट्ट बसत नाही, जोड तापतो आणि व्होल्टेज पडतं. ती वायर भंगारात. फक्त ओढून फेकून देऊ नका. जुन्या वायरीच्या टोकाला नवीन वायर बांधा आणि जुनी दुसरीकडून ओढा, म्हणजे नवीन आपोआप त्या अवघड पोकळीतून जाते. पुढच्या टोकापर्यंत हात पोचत नाही तिथं या एका युक्तीनं माझा अर्धा दिवस वाचला आहे.

एका ठिकाणी मात्र हात लावू नका. इंजिनचं स्वतःचं हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, कंपनीचं असतं. त्यात इग्निशन, चार्जिंग आणि दोरीचा किल स्विच (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) असतो. ते खराब असेल तर त्याच इंजिनचं पूर्ण हार्नेस मागवा. मध्येच कापून जोडलेल्या हार्नेसनं इंजिन पाण्याच्या मधोमध बंद पडतं.

वायर केवढी घ्यायची

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबतो. जीपच्या सवयीनं आपण बॅटरीपासून दिव्यापर्यंतचं अंतर मोजतो. बोटीत जायचं आणि यायचं, दोन्ही मोजायचं. हिशेब सोपा आहे: ०.०१७५ गुणिले एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, भागिले वायरचे स्क्वेअर एमएम. उत्तर येतं ते वाटेत हरवणारे व्होल्ट.

तोच ५५ वॅटचा सर्चलाइट घ्या. बॅटरी मागे, दिवा पुढच्या टोकाला, वायर फिरून ५ मीटर. म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. एक स्क्वेअरची वायर टाकली तर ०.८ व्होल्ट वाटेत जातात, जवळजवळ ७ टक्के. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं पडतो, त्यामुळे तेवढ्यानं पाचवा हिस्सा उजेड कमी होतो. दीड स्क्वेअरला ०.५४ व्होल्ट. अडीच स्क्वेअर घेतली तर ०.३२ व्होल्ट, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत. दिवे, पंप अशा महत्त्वाच्या वस्तूंसाठी ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६, ही मर्यादा धरा. मोबाइल चार्जरसारख्यांना १० टक्के चालतात. माझा सरधोपट नियम असा की लहान बोटीत दीडपेक्षा बारीक वायर घ्यायचीच नाही. बारीक वायरीनं पैसे वाचतात ते दोन चहाचे.

वायर मल्टिस्ट्रँड तांब्याची हवी. घराच्या भिंतीत टाकतात ती एका जाड तारेची नको. इंजिनच्या थरथरीनं ती तुटते. कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर मिळाली तर उत्तम. पण इथं गोड्या पाण्यात चालवायची बोट असेल आणि ती वायर मिळत नसेल, तर चांगल्या कंपनीची साधी मल्टिस्ट्रँड वायर चालते, टोकं नीट बंद केली तर. समुद्रासाठी मात्र मी मुलाम्याची वायरच घेईन.

रंग ठरवून घ्या: प्लसला लाल, मायनसला पिवळी किंवा काळी. मी पिवळी घेतो, कारण घरच्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रलची असते आणि त्यातून गडबड होऊ शकते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर लावा आणि तेच नंबर वहीतल्या नकाशात लिहा.

बॅटरी, मेन स्विच, फ्यूज

बॅटरी आधी ट्रेमध्ये पट्ट्यानं आवळा. बोट एका बाजूला कलली किंवा लाटेवर आपटली तरी ती इंचभरसुद्धा हलता कामा नये. प्लसच्या टर्मिनलला रबरी टोपी. बॅटरीचा डबा वरून हवेशीर ठेवा, कारण चार्जिंगला निघणारा हायड्रोजन हलका असतो आणि वर जातो. पेट्रोलची वाफ उलटी, हवेपेक्षा जड, तळाशी साचते. म्हणून बॅटरी आणि टाकी एकाच बंद कप्प्यात नकोत, आणि तळाशी ठिणगी उडेल असा उघडा स्विच नको.

बॅटरीच्या प्लसवरून दोन मुख्य रस्ते निघतात (पंपाचा वेगळा, तो पुढे सांगतो). एक जाड केबल मेन स्विचमधून इंजिनच्या सेल्फला जाते. तिची जाडी इंजिन कंपनीनं सांगितलेलीच ठेवायची. सेल्फ ओढतो तेवढा करंट साध्या फ्यूजला झेपत नाही, म्हणून तिला फ्यूज नसतो. दुसरा रस्ता पॅनेलकडे जातो, त्याला मात्र फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून ७ इंचांच्या आत. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमातलं हे अंतर आहे. म्हणजे वितीपेक्षा कमी. फ्यूज वस्तूला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरीला फ्यूजचं संरक्षण नसतं. ती कुठं घासून शॉर्ट झाली तर थांबवणारं कोणी नाही. म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा.

पॅनेलला १० स्क्वेअरची वायर नेली तर सुरुवातीला ४० अँपिअरचा फ्यूज पुरतो. पॅनेलमधून प्रत्येक वस्तूला वेगळा ब्लेड फ्यूज: दीड स्क्वेअरला १० पर्यंत, अडीचला १५ पर्यंत, आणि वस्तूवर त्याहून कमी लिहिला असेल तर तोच.

मायनससाठी एक बसबार, म्हणजे बरेच स्क्रू असलेली धातूची पट्टी, लावा. सगळ्या पिवळ्या वायरी त्यावर येतील आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीच्या मायनसला जाईल. बॅटरीच्या टर्मिनलवर लगांचा गुच्छ करू नका, एका बोल्टवर चारपेक्षा जास्त लग नकोत.

इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करायचा नाही, हे बोट चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. चार्जिंगच्या करंटला जायला बॅटरी उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि इंजिनच्या चार्जिंगचा रेक्टिफायर जातो.

पंप

तळात साचलेलं पाणी काढणारा पंप हा बोटीतला असा एकच नोकर आहे जो मालक झोपला असतानाही कामावर असतो. म्हणून त्याची वायर मेन स्विचमधून न्यायची नाही. मेन बंद केला तरी पंप जिवंत राहायला हवा. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर, ७ इंचांच्या आतच तिचा स्वतःचा फ्यूज, मग तीन जागांचा स्विच: ऑटो, बंद, हातानं. ऑटोची वायर फ्लोट स्विचमधून (पाणी चढलं की तरंगून वर उचलला जाणारा आणि चालू होणारा स्विच) पंपाला, हाताची सरळ पंपाला.

फ्यूज पंपावर लिहिलेलाच. पंपात चिंधी किंवा काडी अडकून तो जाम झाला की तो जास्त करंट ओढतो. मोठा फ्यूज लावलेला असेल तर फ्यूज तसाच राहतो आणि पंप जळतो. माझ्या त्या पहिल्या बोटीत नेमकं हेच झालं होतं, शिवाय जोडात काळी वायर. पंपाजवळचे जोड तळात लोळू देऊ नका, उचलून पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा.

दिवे

डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि पांढरा सगळीकडून दिसणारा. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला समुद्री नियमांत ही मांडणी चालते. ७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटपेक्षा (तासाला सुमारे १३ किलोमीटर) हळू चालणाऱ्या बोटीला नुसता पांढराही पुरतो, पण ४० हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेली बोट हळू चालत नाही, तेव्हा तिन्ही लावा. पांढरा दिवा मागे उंच काठीवर. चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर असेल तर त्याला रात्री पाणीच दिसत नाही. लाल-हिरव्याला एक स्विच आणि पांढऱ्याला वेगळा ठेवा, म्हणजे बोट नांगरून उभी असताना नुसता पांढरा लावता येतो. एका डब्यातला दुरंगी दिवा असेल तर बसवण्यापूर्वी बोटीत पुढे तोंड करून उभे राहा आणि मग डावं-उजवं ठरवा. हसू येईल, पण उलटा बसवलेला मी पाहिला आहे.

जोड

पीळ आणि टेप विसरा. टेपचा डिंक उन्हात वितळतो आणि महिन्याभरात टेप सुटते. नुसतं सोल्डरही नको. कथिल तारांमध्ये वर चढतं, वायर तिथं कडक होते आणि नेमकी त्या कडेला थरथरून तुटते.

लग, रॅचेटचं क्रिम्पिंग पक्कड आणि आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), हा संच घ्या. पकडीचे पैसे जास्त वाटतील, तरी घ्या. साध्या पकडीनं चेपलेला लग दोन वर्षांनी बोटांनी ओढला तरी निघतो. प्रत्येक लग दाबल्यावर जोरात ओढून बघायचा. निघाला तर आत्ताच निघालेला बरा. मग स्लीव्ह गरम करा, कडेनं डिंकाचा बारीक थेंब बाहेर आला की आतून बंद झालं समजा. बोल्टला गोल लग लावा. चिमट्यासारखा उघडा लग नट जरा ढिला झाला की निसटतो.

वायरी वरच्या बाजूनं न्या, दीड फुटाच्या आत एक क्लिप. भोकातून जाते तिथं ग्रोमेट, म्हणजे रबरी कडी. पॅनेलमध्ये शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली टपकेल, पॅनेलमध्ये जाणार नाही.

पॅनेलवर मी मराठी आणि कन्नड दोन्ही चिठ्ठ्या लावतो. हुक्केरीकडचा बोटवाला कन्नड वाचतो, निपाणीकडचा मराठी, आणि अंधारात पंपाचा स्विच शोधताना कुणी दुभाषा आणत नाही.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना

थेट फ्यूज लावू नका. पॅनेलच्या फ्यूजच्या जागी गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडा, म्हणजे पॅनेलचा सगळा करंट त्यातून जाईल. सगळे स्विच बंद असताना बल्ब पेटता कामा नये. पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे वायर जळत नाही आणि तुम्हाला शांतपणे शोधता येतं. मग एकेक स्विच चालू करा. छोट्या एलईडीला बल्ब मिणमिणेल. सर्चलाइटसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाला तो जवळजवळ पूर्ण पेटेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. शंका आली तर ती वस्तू सोडून नुसती वायर तपासा. पंपाची लाइन वेगळी आहे, तिलाही हीच परीक्षा द्या.

फ्यूज लावल्यावर मल्टिमीटर घ्या. वस्तू चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं वस्तूच्या प्लसला लावा. मीटर दाखवेल ते त्या वायरीत हरवलेले व्होल्ट. मायनसचंही तसंच बघा. दोन्हींची बेरीज वरच्या हिशेबापेक्षा बरीच जास्त आली तर एखादा लग नीट दाबला गेलेला नाही.

शेवटची तपासणी गळतीची. सगळं बंद करून मायनसची केबल काढा, आणि बॅटरी व केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा, आधी १० अँपिअरच्या जागेवर, मग मिलिअँपिअरवर. चार-पाच मिलिअँपिअरपेक्षा फार जास्त दिसत असेल तर करंट कुठंतरी पाझरतोय. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

कृष्णाकाठच्या बोटींना ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं मांजरी, यडूर, कल्लोळकडच्या लोकांना बोट शेडमध्ये का हवी ते शिकवलं. पण अशी बोट वर्षभर उभी असते आणि कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेल्यावर एकदम हवी असते. त्या दिवशी सेल्फ नुसता टक् करतो. भरलेली बॅटरी उभ्यानं १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, आणि महिन्यातून एकदा मीटर लावून बघायचं काम घरातल्या एकाच्या नावावर टाका. १२ च्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिलेली बॅटरी पुन्हा पूर्ण ताकदीवर येत नाही.

एक गोष्ट वायरिंगची नाही, पण विजेचीच आहे. समुद्रावरून आलेल्या इंजिनच्या पायाला जस्ताचा तुकडा बसवलेला असतो, तो आधी झिजून इंजिनचं ॲल्युमिनियम वाचवतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. त्याच्या जागी मॅग्नेशियमचा तुकडा बसवून घ्या. आणि बोट नोंदवलेली नसेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली तेही करून घ्या. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते.

सगळं झालं की बोट काठावरच असताना तळात दोन बादल्या पाणी ओता. मेन स्विच बंद, पंपाचा स्विच ऑटोवर. फ्लोट वर उचलला गेला, पंप घरघरला, पाणी बाहेर पडलं आणि पाणी संपल्यावर पंप आपोआप थांबला, तर वहीत तारीख टाका, नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलच्या झाकणाच्या आत चिकटवा आणि शेजारी प्रत्येक मापाचे दोन-दोन फ्यूज ठेवा.